माणसाळलेलं पाणमांजर : परत का सोडू नये, आणि सोडायचं नसेल तर ठेवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका घरी पाणमांजराचं जेमतेम डोळे उघडलेलं पिल्लू आलं. बाटलीच्या दुधावर आणि मग बाजारच्या मासळीवर ते आठ महिने तिथंच वाढलं. आता ती मादी वनविभागाच्या ताब्यात, वन्यजीव उपचार केंद्रात आहे. वरचा एक सुळा मोडलेला आहे आणि माणूस दिसला की ती शिट्टी घालत पायाशी येते. पशुवैद्य म्हणतात, ही सोडण्याजोगी राहिलेली नाही. केंद्रात मदत करणारे विचारतात : ती पोहते, मासा खाते, मग अडलंय कुठे? आणि ठेवायचीच तर जन्मभर कशी ठेवायची?

पशुवैद्यांचं बरोबर आहे, तिला सोडू नये. पोहणं हा पाणमांजराच्या जगण्यातला सोपा भाग. अवघड भाग कुटुंबात राहून शिकण्याचा, आणि तोच हिच्या वाट्याला आला नाही. पुढची देखभालही याच एका गोष्टीभोवती फिरते. बहुतेक केंद्रं आधी तलाव किती मोठा करायचा ते ठरवायला बसतात. पहिला विचार दुसऱ्या पाणमांजराचा व्हायला हवा.

आधी जात ओळखा

कोकणात आणि गोव्यात पाणमांजराच्या दोन जाती भेटतात. खाडी, कांदळवन आणि मोठ्या नद्यांत दिसतं ते स्मूथ-कोटेड ऑटर, म्हणजे मोठं पाणमांजर. शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. तिल्लारी-तेरेखोलच्या पट्ट्यात आणि गोव्यात मांडवीच्या मुखाजवळ चोडण बेटाच्या कांदळवनात हेच असतं. वजन ७ ते ११ किलो, केस आखूड आणि गुळगुळीत, शेपटी टोकाकडे खालून-वरून चपटी, पंजे मोठे आणि बोटांत पूर्ण पडदे. सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारं छोट्या नखांचं पाणमांजर साधारण ३ ते ५ किलोचं. त्याची नखं नावालाच असतात. ते दगडाखाली बोटांनी चाचपून खेकडे काढतं. चिखलातल्या ठशात नखांच्या खुणा नसतील आणि विष्ठेत खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतील तर छोटं. ठसे रुंद, नखं उमटलेली, विष्ठा माशांच्या खवल्यांनी भरलेली असेल तर मोठं. ही खात्री आधी का हवी, तर दोघांचा आहार आणि दोघांचे आजार वेगळे आहेत. छोट्या नखांच्या जातीत पिंजऱ्यातल्या जनावरांना कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे फार होतात, त्यामुळे त्यांची नियमित सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करावीच लागते. तुमच्या वर्णनावरून ही मादी मोठ्या जातीची दिसते, म्हणून पुढचं सगळं त्या जातीला धरून आहे.

नावांचा एक घोळही इथंच निस्तरतो. कोकणात पाणमांजराला ‘ऊद’ म्हणतात, आणि ‘उदमांजर’ हे नाव मात्र झाडावर चढणाऱ्या, फळं खाणाऱ्या कांडेचोराला चिकटलं आहे. त्यामुळे ‘उदमांजराचं पिल्लू सापडलं’ असा निरोप आला की फोटो मागवल्याशिवाय दूध-औषध काहीही सांगू नये. दुसरा घोळ मुंगसाचा. शरीर तसंच लांबट असल्यामुळे पुष्कळांना पाणमांजर मुंगसाचं भावंड वाटतं. मुंगूस मांजर-तरसाच्या बाजूचं. पाणमांजर मुस्टेलिडी कुळातलं, म्हणजे थंड मुलुखातला वीझल, मिंक, फेरेट आणि आपल्याकडचा रॅटेल यांच्या नात्यातलं. ही निव्वळ पुस्तकी माहिती नाही, लस टोचताना या नात्यावरच सगळं ठरतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

जंगलात ही मादी कशी वाढली असती

मोठं पाणमांजर कुटुंबानं राहतं. एक जोडी आणि त्यांची एक-दोन वेतांची पिल्लं, असे साधारण चार ते अकरा जीव. गर्भकाळ ६० ते ६३ दिवसांचा, एका वेळी दोन ते पाच पिल्लं. पिल्लाचे डोळे दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात आणि साधारण दोन महिन्यांनी ते पोहायला लागतं. पोहणं त्याला उपजत येत नाही, पिल्लू पाण्याला घाबरतं. आई मानेला धरून त्याला पाण्यात नेते, बुडवते, वर काढते. दूध चार महिन्यांच्या सुमारास सुटतं, तरी पिल्लू वर्षभर घरच्यांबरोबरच असतं आणि वयात यायला दोन-तीन वर्षं लागतात.

त्या वर्षभरात ते काय शिकतं याकडे नीट पाहा. आई आधी मेलेला मासा देते, मग अर्धमेला आणून उथळ पाण्यात सोडते, मग जिवंत. पुढे पिल्लू टोळीच्या शिकारीत येतं. मोठी पाणमांजरं फळी धरून माशांचा थवा काठाकडे किंवा उथळाकडे रेटतात. बांगलादेशात नराईल भागातले मच्छीमार याच सवयीवर जगत आले आहेत. पाळलेली पाणमांजरं काठावरचे मासे हुसकून जाळ्यात घालतात. म्हणजे एकटं पाणमांजर मासा पकडू शकतं, पण जातीचा स्वभाव टोळीनं मासे मारण्याचा आहे.

टोळीचा मुलूख ठरलेला असतो. चंबळ नदीवर रेडिओ कॉलर लावून झालेल्या अभ्यासात पिल्लांच्या आईचा वावर नदीच्या साडेपाच किलोमीटरांत आणि एका नराचा सतरा किलोमीटरांत आढळला होता. वाळूच्या पट्ट्यावर, ओढा नदीला मिळतो तिथं, मोठ्या खडकावर सगळी टोळी एकाच जागी शी करते, त्यात लोळते, अंग घासते. ही जागा म्हणजे त्यांची पाटी : इथं कोण राहतं, किती जण आहेत, मादी माजावर आहे का, हे येणाऱ्याला वासावरून कळतं. बीळ नदीकाठच्या मुळांखाली, दगडांच्या कपारीत किंवा दाट झाडीत, आणि तेही एकच नाही. टोळी आलटून पालटून अनेक बिळं वापरते.

अंगाच्या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केसांची. देवमाशासारखा चरबीचा जाड थर पाणमांजराला नसतो. वरचे राठ केस पाणी अडवतात, खालची दाट लव हवा धरून ठेवते, आणि त्या हवेवरच अंगाची ऊब टिकते. म्हणून पाण्याबाहेर आलं की ते तासन्‌तास वाळूत, गवतात अंग घासतं, खाजवतं, एकमेकांना चाटतं. खाडीतली पाणमांजरं केसांतलं मीठ धुवायला गोड्या पाण्यावर येतात. केस तेलकट, मळके किंवा चिकट झाले की पाणी थेट कातडीला लागतं आणि आपल्या उकाड्यातही जनावर गारठतं.

मग हिला का सोडू नये

सुळा मोडणं हे सगळ्यात हलकं कारण. तीन सुळ्यांवर, इतकंच काय तीन पायांवरही, रानातली पाणमांजरं जगतात. फासात पाय गमावलेलं मोठं, रानात वाढलेलं जनावर असतं तर जखम भरल्यावर त्याला त्याच्याच नदीत सोडा असं सांगितलं असतं. व्यंग दिसलं की ‘सोडण्याजोगं नाही’ असा शिक्का मारण्याची घाई करू नये. तो शिक्का म्हणजे त्या जनावराला जन्मठेप आहे.

हिची खरी अडचण मनाची आहे. डोळे उघडले तेव्हा समोर माणूस होता, म्हणून माणूस तिचं कुटुंब. सोडल्यावर ती भुकेच्या वेळी नदी धुंडाळणार नाही, कपडे धुण्याच्या घाटावर येईल, होडीत चढेल, खाणं मिळालं नाही तर चावेल. पाणमांजराचा चावा हाडापर्यंत जातो. एखाद्या पोराचा हात फाटला की गावकरी दांडके घेऊन नदीवर उतरतील, आणि मार खातील ती तिथली रानटी पाणमांजरं. कुत्र्यांची भीतीही तिला नाही, उलट घरच्या कुत्र्याबरोबर खेळून ती मोठी झाली असणार.

दुसरी अडचण मुलखाची. मोकळी नदी दिसली तरी ती मोकळी नसते. सिंगापूरमध्ये १९९८ पासून ही जात पुन्हा दिसू लागली आणि शहराच्या मध्यापर्यंत पसरली. तिथं लोकांनी दिवसाढवळ्या पाहिलं आहे की एका टोळीच्या हद्दीत दुसरी टोळी आली तर लढाई होते आणि पिल्लं मरतात. एकट्या, वासाची भाषा न कळणाऱ्या मादीचं तिथं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तिसरी अडचण रोगांची. आठ महिने कुत्र्या-मांजरांत राहिलेलं जनावर डिस्टेंपर किंवा पार्व्हो हे त्यांचे विषाणूजन्य रोग घेऊन नदीत उतरलं तर सगळी टोळी साफ होऊ शकते.

पिल्लू सोडायचंच असेल तर त्याची वाट पहिल्या आठवड्यापासून वेगळी असते. सोबतीला त्याच जातीचं दुसरं पिल्लू, दूध पाजणारा एकच माणूस, दूध सुटलं की माणूस नजरेआड, जिवंत मासे, नैसर्गिक काठ असलेला मोठा तलाव, आणि निदान एक वर्षाचं होईपर्यंत थांबणं. सोडण्याआधी त्याने दोन आठवडे सगळं पोट स्वतः पकडलेल्या जिवंत माशांवर भरलं पाहिजे, वजन टिकवलं पाहिजे, आणि माणूस किंवा कुत्रा दिसताच पाण्यात किंवा बिळात पळालं पाहिजे. शेवटची परीक्षा हुकली तर आधीच्या सगळ्या पास झाल्याचा उपयोग नाही. तुमची मादी तिथंच हुकते, आणि दहाव्या महिन्यात ही ओळख पुसण्याची खात्रीची रीत कुणाकडेही नाही.

सोबत

एकटं ठेवलेलं पाणमांजर खाऊन-पिऊन लठ्ठ होतं आणि दिवसभर जाळीच्या कडेनं एकाच रेषेत येरझाऱ्या घालतं, माणूस दिसेपर्यंत किंचाळत राहतं, स्वतःची शेपटी नाहीतर पोटावरचे केस कुरतडतं. खेळणी टाकून हे थांबत नाही. राज्यातल्या, गरज पडल्यास बाहेरच्या, मान्यताप्राप्त केंद्रांत याच जातीचं न सोडण्याजोगं जनावर आहे का याची चौकशी वनविभागामार्फत आजच सुरू करा. परवानग्यांना वेळ लागतो, आणि वय वाढेल तशी जुळवणी अवघड होते.

नवं जनावर आलं की ३० दिवस पूर्ण वेगळं ठेवा : विष्ठेची तपासणी, रक्त, लेप्टोस्पायरोसिसची चाचणी. त्या काळात नुसती वासाची देवघेवही नको. जंतूही त्याच वाटेनं येतात, त्यामुळे अंथरुणं बदलायची ती तपासण्या हातात आल्यावरच. मग दोन-तीन आठवडे मधे दुहेरी जाळी ठेवून शेजारी. दोघं जाळीशी येऊन मऊ आवाज करतात, पाठीला पाठ लावून झोपतात, तेव्हा पहिली भेट घडवा. जागा दोघांनाही नवी हवी, निसटायला दोन-तीन वाटा हव्यात, आणि तलाव रिकामा किंवा घोटाभर पाण्याचा. खोल पाण्यातलं भांडण सोडवता येत नाही आणि दबलेलं जनावर बुडतं. लोळवणं, मान धरणं, चिरका आवाज हे चालायचंच. एकानं दुसऱ्याला दाबून धरलं आणि खालचं सतत किंचाळतंय, शी-लघवी सुटली आहे, तर फळी मधे घालून वेगळं करा. हात घालू नका. दोन माद्या सगळ्यात सोप्या. नर असेल तर नसबंदी किंवा हॉर्मोनचं रोपण आधी. उपचार केंद्रात पिल्लं होऊ देणं म्हणजे सोडता न येणाऱ्यांची दुसरी पिढी तयार करणं.

जागा

नवख्या मंडळींची नेहमीची चूक अशी की जवळजवळ सगळी जागा तलावाला जाते आणि काठाला सिमेंटची अरुंद पट्टी उरते. पाणमांजर दिवसाचा बराच वेळ जमिनीवर घालवतं. तीन भाग जमीन आणि एक भाग पाणी असं धरून चाला. जमिनीवर माती, नदीची वाळू, गवत, ओंडके हवेत. सततच्या ओल्या सिमेंटवर किंवा खरबरीत जांभ्यावर पंजे सोलतात, त्यातून जंतू शिरून बोटं सुजतात. कोरड्या वाळूचा निदान एक फूट खोल खड्डा छपराखाली असू द्या. कोकणच्या पावसात चार महिने अंग कोरडं करायची हीच एक जागा उरते.

बिळासाठी लाकडी पेट्या दोन, आणि जनावरं दोन असतील तर तीन. साधारण ९० बाय ६० सेंटिमीटर, झाकण वरून उघडणारं, तोंड २५ सेंटिमीटरांचं, बाहेरून बंद करता येणारं. आत भाताचा कोरडा पेंढा. ओला झाला की त्याच दिवशी बदला, नाहीतर बुरशी धरते आणि श्वसनाचे आजार सुरू होतात.

कुंपण १.८ मीटर उंच आणि वरचा अर्धा मीटर आतल्या बाजूला वाकवलेला. वेल्डेड जाळी, तार निदान ३ मिलिमीटर, भोक २५ बाय ५० मिलिमीटरांहून मोठं नको. साखळी जाळी वापरू नका : पाणमांजर ती चढतं, आणि दात अडकवून ओढतं तेव्हा सुळे मोडतात. तुमच्या मादीचा सुळाही असाच कुठल्या तरी तारेत गेला असण्याची शक्यता आहे. जमिनीखाली जाळी किंवा काँक्रीटचा पाया ७५ सेंटिमीटर न्या, कारण ही जनावरं खणतात. दार दुहेरी, एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं.

तलावाची एक बाजू उतरती, दुसरीकडे १ ते १.५ मीटर खोली. बाहेर यायला निदान दोन जागी ओंडका किंवा पायऱ्या. निचऱ्याच्या तोंडावर घट्ट जाळी असलीच पाहिजे, ओढ लागून पंजा अडकला तर जनावर पाण्याखालीच राहतं. केस आणि माशांचं तेल यांनी वाळूचे फिल्टर लवकर तुंबतात. लहान केंद्राला सगळं पाणी दोन-तीन दिवसांनी सोडून देऊन तळ घासणंच परवडतं. क्लोरीन मारून पाणी निळंशार ठेवायचा मोह टाळा. केसांवरचं तेल जातं, लव भिजते. वापरलंच तर ०.५ पीपीएमच्या (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) आत. घासायला साबण लावला तर तो पूर्ण धुऊन काढा. पाणी ठीक आहे की नाही हे जनावराच्या अंगावर वाचता येतं. बाहेर आल्यावर झटकलं की केसांचे टोकदार झुबके उभे राहिले आणि काही मिनिटांत पाठ कोरडी दिसली तर उत्तम. केस चपटे, मळकट चिकटून राहिले, जनावर पाण्यात उतरायला तयार नाही, कुडकुडतंय, तर पाणी बदला आणि त्याला कोरड्यात घ्या.

खाणं

पोटातून अन्न साधारण तीन तासांत बाहेर पडतं, म्हणून दोन वेळा पोटभर ही आपली रीत इथं चालत नाही. वजनाच्या १५ ते २० टक्के खाणं, चार वेळा विभागून. ७ किलोच्या मादीला १ ते १.२ किलोपासून सुरुवात करा आणि आठवड्याच्या वजनावर कमी-जास्त करा. तराजूवर स्वतः चढायला ती माशाच्या एका तुकड्यात शिकते.

मासा अख्खा हवा, डोकं-काट्यांसकट. नुसत्या मांसाच्या फोडी खाऊन वाढलेल्या पिल्लांची हाडं मऊ राहतात, उडी मारताना मोडतात. गोड्या पाण्यातला चिलापी हा रोजचा आधार म्हणून चांगला : बाराही महिने मिळतो आणि त्यात थायमिनेज नसतं. सोबत बोय, काळुंद्र, लहान मरळ, कोळंबी, आठवड्यातून दोन-तीनदा खेकडे. शिंगाळ्याचे काटे आधी कापून टाका, टाळ्यात रुततात. बांगडा आणि तारली अगदी ताजे असतील तरच. बर्फाविना तासभर उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि ताजेपणाच्या वासावरून ओळखूही येत नाही.

थायमिनेजबद्दल जरा थांबून सांगावं लागेल, कारण पिंजऱ्यातली मासेखाऊ जनावरं या एका गोष्टीनं जातात आणि दोष भलत्याच रोगावर टाकला जातो. तारली, मांदेली यांच्या गटातल्या आणि कार्प कुळातल्या कित्येक माशांत हे विकर (एन्झाइम) असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. फ्रीजरमध्येही त्याचं काम पूर्ण थांबत नाही, त्यामुळे साठवलेल्या मासळीत बी-१ आणखी घटतं. साठवणीत ई जीवनसत्त्वही जातं. म्हणून गोठवलेल्या दर किलो माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन (म्हणजेच बी-१) आणि १०० आययू ई जीवनसत्त्व द्या. गोळी पहिल्या छोट्या माशाच्या गालात दडवून, मुख्य खाण्याच्या थोडं आधी. कमतरता आली की आधी खाणं मंदावतं, मग मागचे पाय लटपटतात, मान मागे ओढली जाते, शेवटी झटके. झटक्यांच्या आधी थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर काही तासांत सुधारणा दिसते, म्हणून मासे खाणारं जनावर डुलायला लागलं की तपासणीच्या निकालाची वाट न पाहता पशुवैद्यांना बी-१ची आठवण करा.

मासळी उणे १८ अंशांवर, चार महिन्यांहून जास्त ठेवू नका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून मऊ करा, बादलीतल्या पाण्यात नको. मऊ झालेली त्याच दिवशी संपवा, पुन्हा गोठवू नका.

चारपैकी दोन वेळचं खाणं तिला शोधायला लावा. बर्फाच्या लादीत गोठवलेली कोळंबी, बांबूच्या नळकांड्यात दडवलेला मासा, दगडाखाली खेकडा, टबात सोडलेले जिवंत लहान मासे. खाण्याची वेळ रोज मागे-पुढे करा. ठराविक घड्याळाला जनावर तासभर आधीपासून दारात किंचाळतं, ती सवय मोडता मोडत नाही.

लस, दात, चावा

आता ते कुळाचं नातं. कुत्र्याला देतात ती जिवंत, कमजोर केलेली डिस्टेंपरची लस मुस्टेलिडी कुळातल्या रानटी प्राण्यांना रोगच देऊ शकते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटची पैदास वाचवण्यासाठी सहा जनावरं पकडली होती. पाळीव फेरेटवर सुरक्षित ठरलेली अशीच लस टोचल्यावर त्यातली चार मेली. म्हणून पाणमांजराला निर्जीव किंवा कॅनरीपॉक्स विषाणूवर बसवलेलीच डिस्टेंपर लस. ती मिळत नसेल तर कुत्र्याची नेहमीची ‘सेव्हन-इन-वन’ टोचण्यापेक्षा कुत्र्यांपासून दूर ठेवणं बरं. रेबीजची निर्जीव लस द्यावी, लेप्टोची पशुवैद्यांच्या सल्ल्यानं. उंदरांचा बंदोबस्त लेप्टोसाठी लसीइतकाच महत्त्वाचा आहे.

माणसाकडूनही आजार जातो. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया मत्स्यालयात छोट्या नखांच्या पाणमांजरांना कोविडची लागण झाली होती. सर्दी-खोकला असलेल्या सेवकानं त्या दिवशी आत जाऊ नये.

मोडलेल्या सुळ्याचा एक्स-रे काढा. आतला गर उघडा पडला असेल तर आज दुखत नसलं तरी मुळाशी पू होणार : दात काढायचा की मुळावर उपचार करायचे हे पशुवैद्य ठरवतील, पण ‘खातेय ना’ म्हणून सोडून देऊ नका. ही जनावरं दुखणं शेवटपर्यंत दाखवत नाहीत.

मानेची कातडी धरून उचलणं मांजराला चालतं, इथं नाही. पाणमांजराची कातडी सैल असते. ते तिच्या आतल्या आत वळतं आणि धरणाऱ्याचा हात फोडतं. चामड्याचा जाड हातमोजाही पुरा पडत नाही. तिला पेटीत स्वतः जायला आणि दाबपिंजऱ्यात (बाजू सरकवून जनावर स्थिर धरतात त्या पिंजऱ्यात) उभं राहायला शिकवा, रोज पाच मिनिटं पुरतात. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, टाके घालायची घाई नको, आणि रेबीजचे उपचार त्याच दिवशी सुरू करा, ती लस घेतलेली असली तरी.

कायदा आणि लोकांना दाखवणं

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर पाणमांजरं पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. रानातून आलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. कुणाच्या हाती आलं तर ४८ तासांत कळवून ताब्यात द्यावं लागतं. सद्भावनेनं सांभाळलं तरी घरी ठेवणं गुन्हाच. जन्मभर ठेवायचं तर ते केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेल्या जागीच.

तिला शाळकरी मुलांना दाखवावी का, हा प्रश्न पुढे येईलच. परदेशात अशी जनावरं हातावर घेऊन फिरवतात. माझं मत ठाम विरोधात आहे. पाणमांजराला मांडीवर घेऊन केलेल्या व्हिडिओंनी जपानपासून थायलंडपर्यंत पिल्लांना मागणी आणली, बिळांतून पिल्लं उचलली गेली, आणि २०१९मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात मोठं आणि छोट्या नखांचं अशा दोन्ही जाती पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात न्याव्या लागल्या. शिकवायचं असेल तर विष्ठेचे नमुने, ठशांचे साचे आणि माणूस चौकटीत नसलेलं चित्रण पुरेसं आहे. तिचा सेवकाबरोबरचा एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका.

पुढचं पिल्लू

ही मादी न सोडण्याजोगी झाली ती पहिल्या दोन दिवसांत. खाडीकाठी पुन्हा पिल्लू दिसलं तर आधी हात लावू नका. आई बीळ बदलताना पिल्लं एकेक करून नेते, मधलं एखादं तासन्‌तास एकटं दिसू शकतं. कुत्री आणि बघे दूर करा, लांबून पाळत ठेवा, सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळा जाऊ द्या. पिल्लू जखमी, गार पडलेलं किंवा माश्यांनी भरलेलं असेल, किंवा आई मेलेली दिसली असेल, तरच उचला आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

पोचवेपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, एका कोपऱ्याला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली : त्या बाजूला ३० अंशांच्या आसपास, दुसरी बाजू थंड, म्हणजे त्याला हलता येतं. गार पिल्लाला काहीही पाजू नका, पोट काम करत नसतं. गायीचं दूध तर कधीच नको. युरेशियन पाणमांजराच्या दुधात चरबी २४ टक्क्यांच्या आसपास आणि साखर जवळजवळ नसते. गायीच्या दुधात चरबी ४ टक्के आणि साखर पावणेपाच. त्यानं हगवण लागते आणि पिल्लू सुकून जातं. केंद्रात आल्यावर, अंग गरम झालं की पहिल्या एक-दोन वेळा फक्त क्षारांचं पाणी. मग कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पिल्लांसाठीचं बिनसाखरेचं, भरपूर चरबीचं दूध, एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही, दर दोन-तीन तासांनी. पाजताना पिल्लू पोटावर, मान सरळ. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर ओल्या कापसानं पोटाखाली पुसा, आई चाटते तसं. सहा आठवड्यांपर्यंत त्याला शी-लघवी आपली आपण होत नाही. आणि त्याच दिवशी, दूध तापवण्याआधी, कुठल्या केंद्रात याच वयाचं दुसरं पिल्लू आहे का ते फोनवर विचारून घ्या.